पळ्ळिकरणैच्या दलदलीत मुलगा पाहणे

"पक्षी? अगं, पक्षी म्हणजे माझा श्वास आहे!"

कंपनीच्या कँटीनमध्ये तोंडात रसमभाताचा घास असताना पुष्कर देवस्थळी हे वाक्य बोलून गेला, आणि सगळं तिथेच फसलं. माणसानं खोटं बोलावं, पण निदान घास गिळून बोलावं. म्हणजे मधे विचार करायला दोन सेकंद तरी मिळतात!

पुष्कर मूळचा सांगलीचा. मोटारींच्या कारखान्यात चाचणी विभागात इंजिनिअर. तीन चाकांपासून अठरा चाकांपर्यंत काहीही चालवून दाखवायचा. चेन्नईत येऊन त्याला दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात तो चार तमिळ शब्द शिकला होता. आमा म्हणजे हो, इल्लै म्हणजे नाही, सरि म्हणजे बरं, आणि पोदुम म्हणजे पुरे. मेसमध्ये भात वाढणारा ऐकत नाही म्हणून हा शेवटचा शब्द त्याला शिकावाच लागला.

समोर बसली होती जननी. ती डिझाइन विभागात होती. तंजावरच्या मराठी घराण्यातली, पण आता चार पिढ्या चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतच. लग्न करायचं हे दोघांचं ठरलं होतं. राहिले होते फक्त अप्पा.

अप्पा म्हणजे राममूर्ती राव, निवृत्त प्राणिशास्त्राचे मास्तर. दर रविवारी ते पाणथळीवर जाऊन पक्षी पाहायचे. पक्ष्यांची गोडी नाही त्या माणसाशी ते पाच मिनिटांवर बोलत नसत. जननीनं एवढंच सांगितलं होतं, तर हा पठ्ठ्या थेट श्वासापर्यंत पोचला!

घरी ही बातमी कळताच अप्पा खूष झाले. "फोटो नको. फोटोत काय कळतें? पक्षी आणि मुलगा, दोघांना हालताना पाहावें," असं म्हणून त्यांनी निकाल दिला. रविवारी सकाळी सात वाजता, पळ्ळिकरणैची दलदल, बांधाजवळची चहाची टपरी. अम्मापण येणार. आपल्याकडे मुलगी पाहायला पोहे लागतात, इथे मुलगा पाहायला पाणथळ लागली.

पुष्करनं पदपथावरून पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं. त्यातली निम्मी पानं गायब होती. बगळ्यांचं प्रकरण तर मुळापासून उपटलेलं होतं. "बगळा बगळाच असतो, त्यात काय वाचायचं!" असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली.

ते साल होतं दोन हजार चार, महिना मे. ज्या दिवसांत चेन्नईत माणसाच्या अंगाची पापडी होते, त्या दिवसांत त्या वर्षी बंगालच्या उपसागरात काहीतरी बिनसलं आणि आठवडाभर पाऊस लागला. दलदल तुडुंब भरली. पक्षी आनंदात होते. पुष्करनं मात्र या मुहूर्तासाठी नवंकोरं नारिंगी विंडचीटर घेतलं होतं. इतकं नारिंगी, की ते घालून रस्ता ओलांडला तर बस थांबावी!

तांबरमहून सुब्बाची रिक्षा त्यानं अख्ख्या सकाळसाठी ठरवली. साडेसहाला दलदलीच्या अलीकडच्या टोकाला, बसथांब्याजवळ उतरतो न उतरतो तोच मोबाइल वाजला. जननीचा निरोप होता. अप्पांना भडक कपडे अजिबात चालत नाहीत, पक्षी उडतात, मातकट रंगाचंच काहीतरी घाल.

आता मातकट रंग आणायचा कुठून? चिखलात लोळावं, तर सासूबाई पण येणार! पुष्करची नजर सुब्बाकडे गेली. सुब्बाच्या अंगावर रिक्षावाल्यांचा खाकी शर्ट होता. मातकटच म्हणायचा की!

चार तमिळ शब्द आणि चाळीस हातवारे खर्चून सौदा ठरला. खाकी शर्ट पुष्करच्या अंगात गेला, नारिंगी विंडचीटर सुब्बाच्या. सुब्बाला ते इतकं आवडलं, की पुढल्या टोकाच्या, बांधाजवळच्या टपरीवर चहा प्यायला तो अक्षरशः मिरवत गेला. पुष्कर पुढच्या सीटवर पुस्तक उघडून बसला. अर्ध्या तासात जमेल तेवढे पक्षी पाठ करायचे आणि मग चालत टपरी गाठायची, असा त्याचा बेत होता.

एवढ्यात पावसाची जोराची सर आली. बसमधून एक म्हातारं जोडपं उतरलं आणि एकाच छत्रीत धडपडत येऊन सरळ रिक्षात बसलं.

"अंद टी कडै पक्कम् पो, पा!" गृहस्थ म्हणाले. त्या टपरीकडे घे, एवढं पुष्करला कळलं. त्यानं वळून पाहिलं. पांढरी लुंगीवजा वेष्टी, भिजलेला चष्मा आणि गळ्यात ही मोठी दुर्बीण! अप्पा! आणि शेजारी अम्मा, त्रिपुरसुंदरीबाई.

तो 'नमस्कार' म्हणणारच होता. तोंड उघडलंही होतं. पण त्याच्या आधी अप्पा बायकोकडे वळून अस्सल मराठीत बोलले, "सुंदरी, मला विचारशील तर तो मुलगा थापाड्या असावा."

पुष्करनं तोंड मिटलं.

तंजावरच्या मराठी घरांची ही जुनी रीत. भाजीवाला असो, कंडक्टर असो, त्याच्यादेखत काही खाजगी बोलायचं असलं की बिनदिक्कत मराठीत बोलायचं. चेन्नईत कोणाला कळतंय! खुद्द पुष्करही बसमध्ये दोन वर्षं हेच करत आला होता. फक्त कधी तरी आपण दुसऱ्या बाजूला असू, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता सांगायचं तरी कसं? 'नमस्कार, तो थापाड्या मीच'? त्यानं निमूटपणे रिक्षा सुरू केली.

"असं का म्हणतां?" अम्मा म्हणाल्या.

"पक्षी म्हणजे माझा श्वास म्हणून म्हटला नव्हे का? चाळीस वर्षं पक्षी पाहतों मी. आम्हां लोकांचा श्वास रोखलेला असतो!"

"अय्यो, असूं द्या. मला दुसरीच काळजी. तिकडले लोक आमटीत गूळ घालतात म्हणे. आमची जननी काय खाईल? आणि मुलाचे कान लई मोठे म्हणून तीच हसत होती."

पुष्करचा एक हात नकळत कानाकडे गेला. रिक्षा खड्ड्यात जाता जाता वाचली.

"पात्तु, पा!" बघून चालव, म्हणून अप्पा तमिळमध्ये ओरडले. मग पुन्हा बायकोकडे वळून म्हणाले, "हा सरळच चालला. इथें डावीकडे मातीच्या रस्त्याला लागावें. थांब, ह्याला सांगतों."

त्यांनी सांगायच्या आतच पुष्करनं रिक्षा डावीकडे वळवली.

पावसाचे थेंब टपावर वाजत होते. पुष्करनं आरशात पाहिलं, तर अप्पा चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि बोलू लागले. जरा मोठ्यानंच.

"त्या मुलाला मी एकच प्रश्न विचारणार, सुंदरी. टपरीच्या बांधावर तांबूस पाठीचा एक बगळा बसतो. तो कुठला म्हणून विचारीन. सायबेरियाचा लाल बगळा तो! पंधरा वर्षांत एकदां दिसतो. हें ज्याला आलें त्याला डोळे मिटून मुलगी द्यावी."

"सायबेरिया? तुम्ही तर मागल्या..."

"तूं गप बैस!"

पुष्करला वाटलं, आता उडी मारून अप्पांचे पाय धरावेत. कान, गूळ, थापा, सगळं पोटात घालायला तो तयार झाला. पेपरच फुटला होता! सायबेरिया, लाल, पंधरा वर्षं. सायबेरिया, लाल, पंधरा वर्षं. पुढचा सगळा रस्ता त्यानं असा घोकत काढला. यांना उतरवायचं, रिक्षा कोपऱ्याआड न्यायची, खाकी उतरवायचा आणि नारिंगी न घालता नुसत्या बनियनवर... नाही, ते पुढे पाहता आलं असतं!

टपरी आली. आणि टपरीच्या पुढ्यात, बाकावर पाय पसरून, नारिंगी विंडचीटर घालून, पुष्करनं उसनी आणलेली छोटी दुर्बीण त्याच्या खिशात सापडली म्हणून ती उलटी डोळ्यांना लावून, तोंडात विडी धरून, सुब्बा बसला होता.

अम्मांनी घट्ट डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "अय्यो देवा! हाच का तो मुलगा?"

टपरीवर दुसरं कोणी नव्हतंच. अप्पा शांतपणे म्हणाले, "दुर्बीण आहे. असेल."

"अहो, चाळीस वर्षांचा दिसतो! मिशा पाहा! विडी ओढतो! जननीनं ह्याच्यांत काय पाहिलें?" अम्मांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मी आजच तिला आत्याकडे तंजावरला पाठवितें. हें लग्न होणें नाही!"

हे मात्र पुष्करला सहन झालं नाही. लग्न मोडायचंच तर ते निदान आपल्यामुळे मोडावं, सुब्बामुळे का? तो रिक्षातून बाहेर उडी मारून भर पावसात ओरडला, "अहो, तो नव्हे! मी! मी पुष्कर! आणि आमच्याकडे आमटीत गूळ अगदी चिमूटभर घालतात हो!"

अम्मा आ वासून पाहत राहिल्या. अप्पांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी बांधाकडे बोट दाखवलं. तिथे मान आखडून एक बगळा बसला होता. पाठ गडद तांबूस, पावसात मखमलीसारखी दिसत होती.

"सरि. पुष्कर तर पुष्कर. तो पक्षी कुठला, सांग."

पुष्करनं छाती फुगवली. "सायबेरियाचा लाल बगळा! पंधरा वर्षांतून एकदा दिसतो!"

अप्पा हसले. आधी पोट हललं, मग दुर्बीण हलली, मग छत्री. हसता हसता त्यांनी सुब्बाला तमिळमध्ये तोच प्रश्न केला. सुब्बानं बगळ्याकडे पाहिलं, मग कीव आल्यासारखं पुष्करकडे पाहिलं, आणि आपल्या गावच्या तळ्यावर असले पन्नास असतात, असं सांगून तो पुन्हा चहा पिऊ लागला.

"साधी ढोकरी ती," अप्पा म्हणाले. "बाकी वर्षभर मातीच्या रंगाची असते. बसली तर दिसत नाही."

ढोकरी! सांगलीत शाळेच्या वाटेवरच्या प्रत्येक उसाच्या पाटावर ढोकरी असायची! लहानपणी रोज दहा तरी पाहिलेल्या. नुसतं डोळे उघडून पाहिलं असतं तर नाव सांगता आलं असतं. पण पेपर फुटलेला विद्यार्थी डोळे कशाला उघडेल?

"पण मग ही तांबडी..." तो पुटपुटला.

"हा तिचा लग्नाचा मोसम. लग्नासाठी तिनें चोक्कट, छान कपडे घातले. आणि तूं?" अप्पांनी खाकी शर्टाची बाही चिमटीत धरली. "लग्नासाठी होते ते चांगले कपडे काढून मातकट झालास! जगांत असा पहिलाच पक्षी पाहिला मी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मी मराठींत डावीकडे म्हटलें आणि रिक्षा वळली. चेन्नईचा कुठला रिक्षावाला तमिळींत सांगून तरी वळतो?"

पुष्करनं मान खाली घातली. संपलं, असं त्याच्या मनानं घेतलं. जननीला काय सांगायचं याचं वाक्य तो मनात जुळवू लागला. ते काही जुळेना.

"पक्षी तुला ओळखूं येत नाहीत," अप्पा म्हणाले. "थापा मारतोस, त्याही धड जमत नाहीत. जमत नाहीत हें चोक्कट आहे. ज्याला जमतात त्याला मी मुलगी दिली नसती. सुंदरी, तूं काय म्हणतेस?"

अम्मांनी पुष्करच्या कानांकडे नीट पाहून घेतलं. "शिव्या ऐकल्या, उलट बोलला नाही. आणि खड्ड्यांतून गाडी इतकी सावकाश आणली कीं माझी कंबर दुखली नाही. मला पसंत!"

लग्न त्याच वर्षी झालं. आजही रविवारी पहाटे सासूबाई मागे बसतात, 'किळंबु' म्हणतात आणि गाडी निघते. चालवतो अर्थात पुष्कर. पक्षी पाहायला अप्पा जातात. त्यानं गाडीपाशी थांबायचं असतं.

लग्नात सासरेबुवांनी मोठ्या कौतुकानं आहेराचा पुडा हातात दिला होता. पुष्करला खात्री होती, की आत दुर्बीण आहे. उघडला, तर आत खाकी शर्ट निघाला. शिंप्याकडून मुद्दाम त्याच्या मापाचा शिवून घेतलेला!