थूल ब्रदर आणि निळे हातमोजे

आजवर कोणाला सांगितलं नाही, ते आधी लिहून टाकतो: थूल ब्रदरना दवाखान्यात सगळे वहमी म्हणतात, ते माझ्यामुळे.

म्हणजे माणूस विचित्र आहेच. कॅन्सर वॉर्डातले हे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, गळ्यात स्वयंपाकघरातला टायमर घालून फिरतात. तो वाजला की बोलणं अर्धवट सोडून हातमोजे बदलायचे. देवळीच्या एका लग्नात कॅटररने प्लास्टिकच्या पेल्यात ऊन चहा दिला, तर विचारलं, "हा गिलास किती मिनिटं टिकते? कागद हाय का?" कॅटररने लग्नपत्रिका दिली. ब्रदरनी तीही पूर्ण वाचली.

कागद म्हणजे काय, ते सांगतो. केमोची औषधं हाताळायच्या मोज्यांना वेगळी मंजुरी लागते. कोणतं औषध रबरातून किती मिनिटांनी पाझरतं, त्याचा तक्ता सोबत असावा लागतो. साध्या तपासणीच्या मोज्यांना तो नसतो.

मी स्टोअरचा बाबू. एकदा नवीन खोकी आली. कंपनी तीच, रंग तोच निळा, पण तक्ता नाही. दुसऱ्या दिवशी वरून तपासणी येणार होती. मी जुन्या, जाड मोज्यांचा तक्ता काढला आणि नव्या फाइलीला टाचला.

ब्रदरनी मोजा चिमटीत धरून पाहिला. "राऊतबाबू, हा कागद या मोज्याचा नाई."

"त्याचाच हाय जी. आता रबराची बी कुंडली पाहता का?"

आजूबाजूचे हसले. प्रकरण दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेलं. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "ब्रदरना वहम आहे, साहेब." साहेबांनी तो शब्द ब्रदरच्या गोपनीय अहवालात जसाच्या तसा लिहिला.

ब्रदर भांडले नाहीत. त्या दिवसापासून केमोचं औषध तयार करायचं काम एकट्याने करू लागले. एकावर एक दोन मोजे, आणि ते नेहमीच्या अर्ध्या वेळात बदलायचे. नव्या सिस्टर मदतीला आल्या की म्हणायचे, "बाहेर बस, पोरी. रजिस्टर लिहीजो."

एकदा जेवताना मी विचारलं, "काऊन एकटेच करून राह्यले, ब्रदर?"

ते भाकर मोडत राहिले. "आमची बायको बी सिस्टरच होती. उघड्या हातानं औषधं भरे. तीनदा दिवस गेले, तीनदा पोट पडलं. औषधानंच झालं का, कोणी सांगत नाई. पण तवा कागद मागाचा असते, हेच मालूम नोतं आमाले."

मग माझ्या डब्यात डोकावून म्हणाले, "नुसता भातच आणला का?" आणि आपली वांग्याची भाजी माझ्या झाकणात वाढली.

पुढच्या खेपेला मी बरोबर मोजे मागवले. उरलेली खोकी गुपचूप साध्या वॉर्डात पाठवली. सिस्टर आता पुन्हा आत काम करतात. अहवालातला शेरा मात्र तसाच आहे, आणि ब्रदर पुढच्या वर्षी निवृत्त होतात.

तक्ता मी लावला होता, ब्रदर खरं बोलत होते, एवढं साहेबांना लेखी देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.