पुठ्ठ्यावरचा बुध

"शनिवारी सकाळी दहा वाजता आख्ख्या सोलापूरला बुध दाखवतो," असं शिवयोगीनं आठवडाभर गिरणीत, सलूनमध्ये, एवढंच काय, भाजीवालीलाही सांगून ठेवलं होतं. तोही सूर्यावरून चाललेला बुध, भर दिवसा. सत्तर सालच्या मे महिन्यात सोलापूरकर सूर्याचं नाव काढलं तरी सावलीला पळत होते, पण शिवयोगीचा उत्साह उन्हाला दबणारा नव्हता.

शिवयोगी गिरणीत कारकून आणि हौशी आकाश मंडळाचा चिटणीस. मंडळात सभासद सात, दुर्बीण एक. ती तीन वर्षं त्याच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून उभी होती.

"सोमवारपर्यंत हिला जागा बघा," त्याची बायको अक्कम्मा म्हणाली होती, "न्हाय तर मी अक्कलकोटला माहेरी जागा बघते."

शाळेची एक खोली रिकामी होती. ती मंडळाला द्यायची सही शिक्षण खात्यातल्या काळगे साहेबांच्या हातात. म्हणून शनिवारचे प्रमुख पाहुणे काळगे साहेब.

शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लागली. सूर्याला डोळा लावायचा नाही, दुर्बिणीमागे पांढरा पुठ्ठा धरायचा, की त्यावर बशीएवढं बिंब पडतं. पुठ्ठा धरायला धिप्पाड बिरप्पाला उभं केलं. पाहुण्यांसाठी अक्कम्मानं केलेलं उप्पीट त्यानं आधीच दोन बशा रिचवलं होतं.

साहेब सव्वादहाला जीपमधून उतरले ते घड्याळ बघतच. "मला साडेअकराला माढ्याला बैठक आहे. याला किती वेळ लागेल?"

"बुधाला सूर्य ओलांडायला आठ तास लागतात, साहेब."

साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

शिवयोगीनं दुर्बिणीवरचं फडकं काढलं. पुठ्ठ्यावर झगझगीत सूर्य पडला आणि बरोबर मध्यभागी एक गोलमटोल काळा ठिपका. गच्चीवर टाळ्या झाल्या. शिवयोगीच्या अंगावर काटा आला. बिंबाच्या काठाशी आणखी एक बारीक डाग होता, तो मात्र त्याला खुपला.

"बिरप्पा, पुठ्ठा पुसून आणायचा की रे," असं म्हणत त्यानं रुमालानं डाग घासला. जाईना. "राहू दे. साहेब, मधला बघा. तो बुध."

आणि बुध हलला. सगळ्यांच्या देखत तो सूर्यावरून खाली सरकू लागला. बघता बघता काठाला टेकला आणि दीड मिनिटात बाहेर पडला.

"आठ तास म्हणालात ना?" साहेबांनी विचारलं.

शिवयोगीनं घाईनं रुमाल खिशात कोंबला. "बुध... चपळ ग्रह आहे, साहेब."

साहेब भलतेच खूश झाले. "आठ तासांचं काम दीड मिनिटात झालेलं मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय," म्हणाले आणि खोलीच्या अर्जावर उभ्या उभ्या सही करून टाकली. शेरेबुकात लिहिलं : 'बुध स्वच्छ दिसला. आकार गोल, रंग काळसर तांबूस, वर किंचित तेलकट चमक.' जीप माढ्याकडे गेली.

उप्पिटाच्या बशा गोळा करायला अक्कम्मा वर आली. बिरप्पानं हात दुखून खाली आलेला पुठ्ठा पुन्हा वर उचलला. बुध जागेवर परत आला. अक्कम्मा वाकून बघत राहिली.

"अहो, ही मोहरी हाय की माझ्या फोडणीची." तिनं नखानं बुध उचलून बशीत टाकला.

शिवयोगी शेरेबुक घेऊन खाली बसला. शेरेबुकातली तेलकट चमक त्याच्या डोळ्यांपुढे नाचू लागली.

"आणि ह्यो काठावरचा काय?" अक्कम्मानं विचारलं.

"घाण आहे. पुसून जात नाही."

तिनं बिरप्पाच्या हातातला पुठ्ठा घेतला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. "घाण असती तर पुठ्ठ्याबरोबर हलली असती. ह्यो तर सूर्याला धरून बसलाय."

शिवयोगी बघत राहिला. मग एकदम उठला. मघापासून तो रुमालानं बुधच पुसत होता!

पुढचं सांगायला नको. त्यानं रस्त्यावर जाऊन माणसं बोलावली. तो इवलासा ठिपका तासातासाला जरासा पुढं जाई आणि शिवयोगी दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखा ओरडे. सायंकाळी पावणेसहाला बुध सूर्याच्या पलीकडच्या काठावरून सुटला, तेव्हा शिवयोगीचं नाक सोललं होतं, बिरप्पाला पुठ्ठा धरवत नव्हता आणि जिन्यावर रांग अजून होतीच.

सोमवारी मात्र त्याला राहवेना. साहेबांच्या कचेरीत जाऊन त्यानं सगळं कबूल केलं. "साहेब, आपण बघितली ती मोहरी. खरा बुध काठावर होता. कधी सांगाल तेव्हा नीट समजावून देतो. खोली परत घेतली तरी माझी तक्रार नाही."

साहेबांनी उठून दार लावलं. चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"हे बघा," ते हळूच म्हणाले, "खोली मोहरी बघून मंजूर झालीय. आता खरा बुध दाखवलात, तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील."