सुकलाल आप्पाचे ठसे

आमच्या गल्लीत चप्पल हरवली तर कोणी चोर शोधत नाही. सरळ सुकलाल आप्पाच्या ओट्यावर जातात. तिथे ती बहुतेक फूल नाहीतर मोर झालेली असते.

आप्पा माझा शेजारी, आमच्याच धुळ्याकडचा. इथे परराज्यात, गोडादऱ्याच्या वस्तीत आमची भिंतीला भिंत. सगळा जन्म साडीच्या छपाईत गेला. मिलने घरी बसवला, पण हात काही बसेना. झिजलेली स्लिपर साबणाने धुणार, बॉलपेनने नक्षी काढणार, ब्लेडने कोरणार, पंक्चरच्या सोल्यूशनने बाटलीच्या झाकणावर चिकटवणार. झाला ठसा. साबणाच्या डबीत ओला स्पंज, त्यावर नीळ. दाबला की म्हणणार, "फिनिशिंग देख, भो!"

बादली, पिठाचा डबा, त्याने काही सोडलं नाही. गल्लीतला पांढरा कुत्रा दोन आठवडे पाठीवर मोर घेऊन फिरला. ऐटीत फिरला, खोटं कशाला बोलू.

एकदा माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या पायजम्यावर त्याने कापलेली भेंडी छापली. तीही मागच्या बाजूला. फुलंच फुलं. माझी बायको कमल ओरडली, "आप्पा, भेंडी तव्यावर टाकतात, माझ्या नवऱ्यावर नाही!"

"ते जाऊ द्या वहिनी, डिझाइन उठली का नाही?"

"उठली मेली!"

पण त्या दिवसापासून भाजी चिरताना दोन भेंड्या ती त्याच्यासाठी बाजूला ठेवायची.

कमल गेली. तिच्या स्लिपर मी दाराशी होत्या तशाच ठेवल्या. कोणाला हात लावू दिला नाही. महिन्याभराने आप्पा आला आणि म्हणाला, "वहिनीच्या चपला दे."

माझं डोकंच फिरलं. "मेलेल्या बाईच्या चपलांचे मोर करतो का रे? निघ इथून!"

निघाला नाही. दारातच बसला, एक चप्पल उजेडाकडे तिरपी धरली. "कापणार नाही, भो. देख ना. हे कोरलेलंच शे. वहिनीने कोरलं, चालून चालून."

मी पाहिलं. टाचेचा खड्डा, पाच बोटांचे पाच. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. अशा बाईचं घरात चालतं म्हणतात. चालायचंच.

मी मान हलवली. त्याने पट्टे काढले. दाराचा उरलेला लाल ऑइलपेंट स्पंजने अगदी पुसट लावला, जास्त लागला तर खड्डे भरतात म्हणून. उंबऱ्याच्या आत, पांढऱ्या लादीवर चप्पल पालथी दाबली, उचलली. लाल चपलेत पांढरं पाऊल. डावी दाबली की उजवं पाऊल उठतं, हे मला तेव्हा कळलं. मग दुसरी. दोन्हींची बोटं घराकडे.

पट्टे परत बसवून त्याने चपला जागेवर ठेवल्या. त्या दिवशी फिनिशिंगचं काही बोलला नाही. हाताने डोळे पुसले, गालावर लाल पट्टा ओढला गेला, तसाच घरी गेला.

आता येणारे-जाणारे विचारतात, "काका, लक्ष्मीची पावलं कुठून आणली?"

मी सांगतो, "लक्ष्मीची नाहीत, कमलची आहेत. आमच्या आप्पाने उठवली. वाकून बघा. फिनिशिंग बघा."