दोन पास अर्ध्यांचा हेमसिंग

मानोऱ्याकडच्या तांड्यावर गोमतीबाईचा नवरा हेमसिंग एका सकाळी बैल सोडता सोडता मटकन खाली बसला. उचलला तेव्हा तोंड डावीकडून ओघळलेलं, डावा डोळा डावीकडे वळेना आणि हात-पाय मात्र उजवीकडचे गेलेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की रक्त मेंदूच्या देठात अडलंय. चेहऱ्याची नस तिथून त्याच बाजूला जाते, हातापायांची पुढे जाऊन बाजू बदलते. असं क्वचितच होतं. दर आठवड्याला व्यायामाला आणलं तर माणूस चालेल.

गोमतीबाईनं एवढंच धरून ठेवलं, की माणूस चालेल. पण एसटीच्या सवलतीशिवाय दर आठवड्याला दोघांची खेप जमणारी नव्हती, आणि सवलतीला दिव्यांग दाखला लागतो.

दाखला समितीचे देवानंद साहेब सज्जन गृहस्थ. नियमाबाहेर त्यांनी कधी कुणाचं वाईटसुद्धा केलं नव्हतं. अर्धांगवायूत अंगाची एकच बाजू जाते, असं त्यांनी शांतपणे समजावलं. इथं दोन्ही थोड्या थोड्या गेल्या होत्या आणि संगणक एकच बाजू घेत होता.

"मंग कोणतीबी एक लिवा ना साहेब," गोमतीबाई म्हणाली.

डावी लिहिली, तर डावे हात-पाय ठणठणीत निघाले. उजवी लिहिली, तर उजवा गाल व्यवस्थित हसला. दोन्ही बाजू पास झाल्या. दोन पास अर्धे जोडले, की नियमानं एक धडधाकट इसम होतो.

"मंग यायले उभं काहून राहता येत नाही?"

"तो वैद्यकीय प्रश्न आहे, बाई. आमची समिती दाखल्यांची."

तरी अन्याय नको, म्हणून साहेबांनी रांगेतूनच पंच बोलावले. हेमसिंग आजारी ठरला, तर प्रकरण वर जाईल आणि उत्तर येईपर्यंत ही खिडकी बंद राहील, हेही त्यांनी स्पष्ट केलं. रांग कुबड्यांवर सकाळपासून तिष्ठत होती. पहिला होता उदयसिंग, तांड्यावरचाच. हेमसिंगला जीपमधून उतरवताना यानंच स्वतःच्या कुबडीवर तोल सांभाळत खांदा दिला होता.

उदयसिंगनं गोमतीबाईकडे पाहायचं टाळलं. "चांगला हाय," तो म्हणाला. "दिसून तर राह्यला."

मागच्यांनीही माना डोलावल्या. पंचनामा एकमतानं झाला. गोमतीबाईनं नवऱ्याला काखेत धरून उठवलं. तिला साहेबांपेक्षा उदयसिंगचा राग आला, आणि त्याची कुबडी पाहून तोही धड टिकेना.

वाचकहो, तुम्ही तिथे असता तर खरं तेच बोलला असता, यात शंका नाही. फक्त रांगेत तुमचा नंबर कितवा होता, तेवढं आधी सांगा.