नारिंगी चूळ

लोकांची थंड पेयं सोडवावीत तर ती मीच! दातांचा डॉक्टर आहे मी. दवाखान्याच्या दारावर मी स्वतः काढलेलं चित्र आहे: बाटलीसमोर हमसून हमसून रडणारी दाढ! येईल त्याला बजावतो, "एका बाटलीत आठ-दहा चमचे साखर! दात किडतात, पोट सुटतं, मधुमेह मागे लागतो!"

आणि मी? दुपारी दार लावून नारिंगी, फसफसणारा एक ग्लास पितो. एकच! बरं, दोन.

परवा ग्लास ओठाला लावणार, तोच नर्सताई निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन आत! मी ग्लास पटकन खुर्चीशेजारी ठेवला. बाईंची दाढ साफ केली आणि सवयीने म्हणालो, "चूळ भरा."

बाईंनी तोच ग्लास उचलला. डोळे मिटले. आणि चूळ चक्क गिळली!

"डॉक्टर, हे काय आहे?"

"न... नवीन औषध," माझ्या तोंडून निघून गेलं.

"अमृत आहे हो!" उरलेलं घटाघटा संपवून बाई बाहेर गेल्या आणि वर्गात गरजावं तशा गरजल्या, "डॉक्टरांकडे नारिंगी औषध आलंय! कळ जागच्या जागी गायब!"

झालं! दाराशी ही झुंबड! शिंपीकाका, पोस्टमन, अगदी एकही दात न उरलेले आजोबासुद्धा रांगेत!

"ताई, आधी मला!"

"अहो, माझी जास्त ठणकतेय!"

नर्सताई बिचाऱ्या कपाटं धुंडाळतायत, मी "संपलं, संपलं!" म्हणून ओरडतोय. तेवढ्यात बाई वळल्या. "चिठ्ठीवर लिहून द्या, दिवसातून तीनदा घेईन. मला मधुमेह आहे, चालेल ना?"

मी रांग ढकलत बाईंपाशी धावलो!

"नाही चालणार!" मी किंचाळलो. "ते औषध नाही, थंड पेय आहे! माझं! ताई, बाईंची साखर तपासा!"

आकडा चांगलाच वाढला होता. बाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पाणी पाजा, तासाभराने पुन्हा बघा." तो तासभर मी घड्याळाकडेच बघत होतो. शेवटी साखर उतरली.

बाई मात्र चढल्या!

"बसा खुर्चीत. आ करा!"

मी निमूट आ केला. शिंपीकाकांनी दिवा धरला, ताईंनी आरसा आत घातला.

"किडलेल्या दाढा किती?"

"चार, बाई!"

"आत्ताच्या आत्ता भरून घ्या!"

माझी बायकोही दातांचीच डॉक्टर. ती धावत आली, भुलीची सुई भरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "घाबरू नका हं, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

मुंगी चावली की नाही, मला ठाऊक नाही. सुई नुसती बघूनच मी बेशुद्ध पडलो होतो म्हणे!