शॉमबर्गचा पुरातन पुरुष

हेमचंद्र दातारांचा तीन गोष्टींवर विश्वास नव्हता: देव, दैव आणि दुसऱ्या इंजिनिअरने काढलेलं ड्रॉइंग. त्यामुळे अमेरिकेत शॉमबर्गला टाउनहाउस घेतल्यावर मालिनीबाईंनी वास्तुशांतीचा विषय काढला, तेव्हा ते छाती काढून म्हणाले, "घर बँकेचं आहे. शांत करायची तर बँकेची करा!"

विषय तिथेच संपला, असं त्यांना वाटलं.

पुढे चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी मेटल डिटेक्टर आणला. लांब दांडा, टोकाला ताटली आणि कानाला हेडफोन. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात त्यांनी जाहीर केलं, "आपल्या पार्कच्या पोटात शंभर-शंभर वर्षांपूर्वीची नाणी आहेत! आणि हे लोक वर ब्लँकेट अंथरून सँडविच खातात!"

पार्कच्या पोटातून निघाल्या त्या सोडा कॅनच्या कड्या. इतक्या, की त्यांचं चिलखत झालं असतं.

"मशीन परत करायची आज शेवटची तारीख आहे," एका शनिवारी मालिनीबाई म्हणाल्या. "दुकानात देऊन टाका बघू."

"आज नाणं मिळालं नाही तर नाव बदलीन!"

"शुभ बोला हो. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो."

"आपल्याकडे तो नाहीच! आणि असता तरी इलिनॉयमध्ये त्याला मराठी समजलं नसतं!"

मालिनीबाई जरा घुटमळल्या. "बरं, जा. पण टेनिस कोर्टाशेजारच्या त्या ओकखाली नका जाऊ. तिथे... मधमाश्या आहेत."

हेमचंद्र तडक ओकखाली गेले.

शेपटीवर पाय पडल्यासारखं मशीन किंचाळलं! हेमचंद्रांनी गुडघे टेकून खणलं आणि हाताला चांदीचा करंडा लागला. आत राणीछाप रुपया आणि बोटभर उंचीचा चांदीचा माणूस! दोन वर्षांपूर्वी घरातून हरवलेल्या करंड्यासारखाच हा हुबेहूब करंडा. हेमचंद्रांचे डोळे पाणावले. शंभर वर्षांत आपल्या कारागिरीत तसूभर फरक नाही!

पब्लिक फोनवरून त्यांनी त्र्यंबक गोखल्यांना बोलावलं. हे गोखले आठवडाभर पेंटच्या कंपनीत केमिस्ट आणि वीकएंडला मंडळाचे गुरुजी.

"त्र्यंबक, लगेच ये! ओकखाली चांदीचा माणूस सापडलाय! अमेरिकेचा इतिहास बदलतोय!"

 पलीकडून क्षीण आवाजात प्रश्न आला, "ओकखाली?"

गोखले आले तेव्हा गाडीत शेजारी मालिनीबाई होत्या. हेमचंद्र पिकनिकच्या बाकावर उभे राहून दोन जॉगर्सना आणि पार्कच्या रखवालदाराला समजावत होते, की मराठी माणूस इथे राणीच्या काळातच पोचला होता.

"सर," रखवालदार म्हणाला, "खड्डा बुजवा."

"बुजवणार नाही! हा माझ्या पूर्वजांचा ठेवा आहे! अटक करा मला!"

"अटक नको, सर. खड्डा बुजवा."

गोखल्यांनी करंड्यात डोकावून पाहिलं आणि चष्मा पुसला. "हेमचंद्र, हा वास्तुपुरुष आहे."

"बघ! म्हणजे तेव्हा इथे वास्तुशांत करणारा कोणीतरी होता!"

"होता ना. मीच होतो."

हेमचंद्र बाकावरून उतरले.

"तुम्ही डेट्रॉइटला गेला होतात, तेव्हा उरकून घेतली," मालिनीबाई म्हणाल्या. "ह्याला घराच्या आग्नेयेला पुरावं लागतं. आपल्या आग्नेयेला टाउनहाउसच्या असोसिएशनचं काँक्रीट! म्हणून मग जरा पुढे सरकले."

"जरा? अर्धा मैल!"

"दिशा चुकलेली नाही, यार," गोखले म्हणाले. "कंपास लावला होता."

"आणि हा रुपया?"

"माझ्या आजीचा. आता मुकाट्याने परत ठेवा. पालथा. डोकं ईशान्येला."

जॉगर्स बघत होते. ज्या माणसाचं सगळं संशोधन बायकोच्या करंड्यात मावलं, त्याच्याकडे उरतो तो फक्त बाणा!

"पालथा? उताणाच ठेवणार!" हेमचंद्र गरजले. "काय करणार आहे हा? माझं बेसमेंट पाण्याने भरणार? भर म्हणावं!"

गोखल्यांनी डोळे मिटले.

"झालं," मालिनीबाई म्हणाल्या.

हेमचंद्रांनी चांदीचा माणूस उताणाच पुरला आणि संध्याकाळी वॉटर हीटर फुटला. बेसमेंटमधलं लांब लवेचं शॅग कार्पेट शेवाळासारखं डुलत होतं आणि लोणच्याच्या बरण्या त्यावरून शांतपणे जलविहार करत होत्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हेमचंद्र त्यात ताठ उभे राहिले. "योगायोग! हीटर जुनाच होता! मी कधीपासून म्हणतोय!"

मालिनीबाईंनी त्यांच्या हातात बादली दिली.  या युक्तिवादाने हेमचंद्रांनी पहाटेपर्यंत पाणी उपसलं.

सकाळी रखवालदार आला, तेव्हा ओकखाली हेमचंद्र पुन्हा मशीन फिरवत होते.

"परत नाणी, सर?"

"अजिबात नाही," हेमचंद्र मान ताठ ठेवून म्हणाले. "आमच्या घरातले एक गृहस्थ इथे झोपलेत. त्यांना कूस बदलायची आहे."

रखवालदाराने टोपी मागे सारली, क्षणभर विचार केला.

"हरकत नाही, सर," तो म्हणाला. "नंतर खड्डा बुजवा."