स्प्रिंगला भिणारे अप्पा

बसाप्पा मिस्त्री स्प्रिंग दाबायला घ्यायच्या आधी सगळी गल्ली गप्प करायचे. गॅरेजातलं गिऱ्हाईक बाहेर, शेजारच्या लेथवाल्याचं मशीन बंद, समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं लांब. मग अप्पा एकटेच आत जायचे, शटर गुडघ्याइतकं वर ठेवायचे आणि आतून बजावायचे, "कोण खोकायचं न्हाय."

उद्यमनगरात गाडी खाली घेऊन देणारे, म्हणजे आखूड स्प्रिंगा घालून ती जमिनीजवळ आणणारे, तेव्हा चिक्कार होते. पण जन्मभर स्प्रिंगांचं काम करून स्प्रिंगलाच एवढा भिणारा माणूस मी एकच बघितला. अप्पा मूळचे गडहिंग्लजकडचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात सदा एक लाकडी पट्टी, आणि नट सैल करायच्या आधी तोंडात "शिवा शिवा".

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो आणि अंगात गाडीचा नाद शिरला होता. वडिलांची चौदा वर्षांची गाडी बगळ्यासारखी उंच पायांवर उभी असायची, त्याची मला लाज वाटायची. त्यातच बहिणीचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका जोतिबाला ठेवायला आम्ही सगळे जाणार होतो. म्हटलं, डोंगरावर गाडी गेली की माणसं वळून बघितली पाहिजेत.

"अप्पा, किती खाली होईल?"

"ते मी न्हाय सांगत, पावणं. तुमच्या घरची माणसं सांगत्यात."

ही त्यांची पद्धत होती. रविवारी सगळं घर गॅरेजात आणायचं. जो जिथं बसतो त्याला तिथंच बसवायचं, मांडीवरच्या पिशवीसकट. मग अप्पा पट्टी घेऊन चारी चाकांपाशी उकिडवे बसणार, टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा मोजणार, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावणार, आणि गाडीतल्या लोकांना जागच्या जागी उसळ्या मारायला सांगणार. त्यावर ठरायचं, दोन इंच की एक इंच. दुसरीकडं जुनीच स्प्रिंग गॅसनं कापून तासाभरात गाडी देत. त्याचं नाव काढलं की अप्पांचा चेहरा पडायचा. "कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडती. सोडली की मग गाडी कुठं जाईल ते कुणाच्या हातात न्हाय."

मला दोन इंच पाहिजे होते. आणि मधे आडवी येत होती आमची आत्या. आत्या आमच्याकडेच राहायची, आणि चांगली भरभक्कम होती. ती बसली की मागचं चाक मडगार्डाच्या पोटात शिरायचं. मी सरळ तिला सांगितलं, "आत्ती, गॅरेजात काळं तेल सांडलेलं असतं, नवं लुगडं खराब होईल." ती बिचारी घरी राहिली. आई, वडील, बहीण आणि मी एवढेच गेलो.

अप्पांनी तीनदा विचारलं, "अजून कोण न्हाय न्हवं?"

"नाही," मी तीनदा म्हटलं. वडील माझ्याकडे बघत राहिले, पण पत्रिकेच्या गडबडीत बोलले काही नाहीत.

दोन इंच ठरले. मी शटरखालून वाकून बघत होतो, हसायच्या तयारीनं. आत जुनी स्प्रिंग साखळीनं बांधलेली, तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तिला दाबून धरणारे दोन शिकंजे. अप्पा एक फेरा इकडं आवळत, एक फेरा तिकडं. प्रत्येक फेऱ्याला स्प्रिंग कुरकुरायची आणि अप्पांची मान खांद्यात जायची. छताच्या पत्र्याला बरोबर वर एक भोक होतं, फाटलेल्या कडा आकाशाकडे वळलेल्या. ते कशानं पडलं हे विचारायची गरज नव्हती. माझं हसू कुठल्या कुठं गेलं, आणि पाय आपोआप मागे सरकले.

गाडी मात्र अशी दिसायला लागली की नाद खुळा. चाकं जुळवून, दिव्यांचा झोत वर करून अप्पांनी ती दिली, तरी त्यांचा पाय गाडीपासून निघेना.

पत्रिकेच्या दिवशी सकाळी आम्ही निघणार, तोवर दारात मोपेड. अप्पा.

"कालपास्नं जेवण गेलं न्हाय," ते म्हणाले. "तुमच्या मागच्या सीटची गादी उजवीकडं दबलीया. तिथं रोज कोण तरी जड माणूस बसतंय. त्या दिशी तिथं तुमची बहीण हुती. तिच्यानं गादी अशी दबत न्हाय."

तेवढ्यात आत्या पदर सावरत बाहेर आली आणि सवयीनं उजव्या बाजूला जाऊन बसली. मागचं चाक दिसेनासं झालं.

अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चाकापाशी उकिडवे बसले आणि पट्टी आत घालून बघितली, ती शिरेना. "ह्या अक्का अशा बसल्या असत्या, वळणावर टायर घासला असता, फुटला असता. त्या डोंगराला कठडा कुठं हाय हो?"

 मागच्या सीटवर आई होती, बहीण होती. वडील एवढंच म्हणाले, "उतरा सगळे."

आत्यानं मला विचारलं, "मला वगळलंस व्हय रं?" आणि मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

पुन्हा गॅरेज, पुन्हा गल्ली गप्प, पुन्हा शिकंजे. या वेळी एक इंच. आत्या खुर्ची टाकून दुपारपर्यंत बाहेर बसली, मग गाडीत बसली, आणि अप्पांची पट्टी सगळ्या चाकांत मोकळी फिरली. तरी ते म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी मागनं येतो."

अख्खा डोंगर ते मोपेडवर आमच्या मागच्या चाकाला चिकटून चढले.

वर देवापुढं पत्रिका ठेवली. गुलालानं माखलेल्या पायरीवर आत्यानं त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि विचारलं, "घरी कोण कोण हाय, अप्पा?"

"कारभारीण वारली. पोरगा पुण्याला हाय. त्यानं गाडी घेतलीया." अप्पा खोबऱ्याकडं बघत राहिले. "मला हात लावू देत न्हाय. म्हणतो, तुमी आला की पोरं भित्यात. त्याच्या गाडीत कोण कुठं बसतंय, मला ठावं न्हाय."

 मग आत्या माझ्याकडं वळली. "तू ह्यांची मोपेड घे. अप्पा, तुमी गाडी चालवा. उतार हाय, ह्याच्यावर माझा भरवसा न्हाय."

उतारावर मी मागं होतो. आयुष्यात पहिल्यांदा आमची गाडी मी मागून, सगळी माणसं आत असताना बघत होतो. प्रत्येक वळणावर उजवं चाक वर सरकायचं, मडगार्डाच्या जवळ जायचं, आणि माझा श्वास अडकायचा. चाक पुन्हा खाली यायचं तेव्हा तो सुटायचा. पलीकडं दरी. आत आई, वडील, बहीण, आत्या. इतकी माणसं इतक्या थोड्या लोखंडावर बसलेली असतात हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी भिऊन अर्धा झालो. अप्पा रोज प्रत्येक गिऱ्हाइकामागं असंच जगत असणार, हे मला तिथं कळलं.

पायथ्याला गाडी कडेला थांबली. काही तरी मोडलं म्हणून मी मोपेड टाकून पळत गेलो. "अप्पा, घासलं का?"

अप्पा स्टेअरिंग धरून बसले होते, डोळे ओले. मागून आत्या त्यांच्यापुढं चिरमुऱ्याचा पुडा धरून होती.

"काय घासलं न्हाय," ते म्हणाले. "आजपतोर दुसऱ्यांच्याच गाड्या भरून मोजल्या की. भरल्या गाडीत मी कवा बसलो न्हवतो. जरा बसू द्या."